ट्यूब कधी उगवतात, कधी नाही. आणि गेटचा वक्र रोज वेगळा

सीव्हीडी फर्नेसमध्ये, म्हणजे तापलेल्या वायूतून पदार्थ वाढवणाऱ्या भट्टीत, कार्बन नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) वाढवणाऱ्या जवळपास प्रत्येक गटाला ही अडचण अधूनमधून येतेच. गेल्या आठवड्यात चिप ट्यूबनी भरलेली होती. या आठवड्यात तीच रेसिपी चालवली तर कोरी पाटी. पुढे कधीतरी ट्यूब पुन्हा येतात, त्यांच्यावर इलेक्ट्रोड बसतात, आणि मग मोजमापातला गोंधळ सुरू होतो. ट्यूबमधला करंट गेट नावाच्या इलेक्ट्रोडच्या व्होल्टेजने चालू-बंद होतो; काल उणे २ व्होल्टला बंद होणारा ट्रान्झिस्टर आज अधिक ४ व्होल्टला बंद होतो. अशा वेळी नवे विद्यार्थी रेसिपीचे आकडे हलवू लागतात: तापमान दहा अंश वाढव, मिथेन थोडा जास्त सोड. त्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे की आकड्यांना लगेच हात लावू नका. काल चाललेली रेसिपी आज आपोआप चुकीची होत नाही. बदललेलं असतं ते रेसिपीत कुणी लिहीत नाही असं काहीतरी. फर्नेसमध्ये तुमच्या आधी काय झालं, सिलिंडर किती रिकामा झालाय, आणि विशेषतः पाणी: हवेतलं, वायूतलं आणि चिपच्या पृष्ठभागावरचं.

पुढचं सगळं मिथेन वापरून, ऑक्साइड असलेल्या सिलिकॉनवर, लोखंडाच्या उत्प्रेरकाने एकभिंती (कार्बनच्या एकाच थराच्या) ट्यूब वाढवणाऱ्यांसाठी आहे. १९९८ साली स्टॅनफर्डमध्ये होंगजिए दाई यांच्या गटाने सिलिकॉन वेफरवर ठरवलेल्या जागी ट्यूब वाढवून दाखवल्या, त्या १००० अंश सेल्सिअसला. आता बहुतेक जण ९०० च्या आसपास काम करतात. इथिलीन किंवा अल्कोहोल वापरणाऱ्यांचे आकडे वेगळे असतील, पण दोष शोधायची रीत हीच.

आधी साक्षी चिप

डिव्हाइसच्या चिपशेजारी दर वेळी एक साक्षी चिप ठेवायची सवय लावा. ऑक्साइडवाल्या सिलिकॉनचा एक तुकडा घ्यायचा, त्यावर फेरिक नायट्रेट आणि ॲल्युमिनाची नॅनोभुकटी आयसोप्रोपेनॉलमध्ये ढवळून त्याचा एक थेंब टाकायचा आणि वाळवायचा. लिथोग्राफी (चिपवर नक्षी उमटवणं) नाही, त्यासाठीचा रेझिस्टचा लेपही नाही. त्याच्याजवळ आणखी एक तुकडा ठेवा, उत्प्रेरक अजिबात न लावलेला.

फर्नेस थंड झाली की एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) पहिल्यांदा साक्षी बघा. साक्षीवर ट्यूब आहेत आणि डिव्हाइसच्या चिपवर नाहीत, तर वायू, तापमान आणि गळती यांचा विचार सोडून द्या. दोष उत्प्रेरकाच्या ठिपक्यांत किंवा लिथोग्राफीत आहे. दोन्ही कोऱ्या असतील तर दोष फर्नेसमध्ये आहे. आणि उत्प्रेरक नसलेल्या तुकड्यावर ट्यूब सापडल्या, तर क्वार्ट्झ नळीत जुन्या कामांचे लोखंडाचे कण शिल्लक आहेत. मग ज्याला तुम्ही एका ट्यूबचं डिव्हाइस म्हणताय त्यात नक्की किती ट्यूब आहेत, हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. हे दोन तुकडे ठेवायला मिनिटभर पुरतं, आणि तरीही बहुतेक जण ते ठेवत नाहीत याचं मला फार वाईट वाटतं.

दोष उत्प्रेरकात निघाला तर पाहण्यासारख्या जागा थोड्याच आहेत. लोखंडाचा बाष्पीभवनाने बसवलेला थर १ नॅनोमीटरच्या आतला असावा. तो जाड झाला की तापल्यावर मोठे कण बनतात, आणि त्यांच्यावर एकभिंती ट्यूबऐवजी जाड बहुभिंती ट्यूब येतात किंवा नुसतं कार्बनचं कवच चढतं. ऑक्साइड नसलेल्या सिलिकॉनवर लोखंड बसवलं तर त्याचं सिलिसाइड होतं आणि उत्प्रेरक मरतो. म्हणूनच ॲल्युमिनाचा आधार हवा. द्रावणाची बाटली बरेच दिवस ठेवलेली असेल तर ॲल्युमिना तळाशी बसतो. वापरण्यापूर्वी सोनिकेटरमध्ये नीट हलवा. आणि फेरिक नायट्रेटची मूळ बाटली डोळ्यांनी बघा. हे मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. कोकणपट्टीतल्या पावसाळ्यात झाकण सैल राहिलं तर स्फटिक ओले, चिकट होतात. मग तेवढंच वजन केलं तरी त्यात लोखंड कमी आणि पाणी जास्त असतं. जून ते सप्टेंबर ही बाटली डेसिकेटरमध्येच हवी.

क्वार्ट्झ नळीचा रंग

दोष फर्नेसमध्ये असेल तर काहीही खोलण्याआधी क्वार्ट्झ नळीचा वायू बाहेर पडतो त्या बाजूचा भाग बघा. मिथेनबरोबर हायड्रोजन सोडायचा तो दोन कारणांनी. लोखंडाच्या ऑक्साइडचं धातूत रूपांतर होतं, आणि मिथेन उत्प्रेरकाला शिवायच्या आधीच आपोआप फुटत नाही. हायड्रोजन कमी पडला की मिथेन गरम भागातच विघटित होतो, नळीवर तपकिरी-काळा थर चढतो, चिपवर काजळीसारखा अस्फटिक कार्बन बसतो आणि उत्प्रेरक त्याखाली गाडला जातो. हायड्रोजन जास्त झाला तर नळी लख्ख आणि चिपही रिकामी. या दोन टोकांच्या मध्ये वाढीची खिडकी आहे, आणि ती अरुंद आहे.

म्हणजे चिप कोरी आणि नळी काळी असेल तर कार्बन जास्त झालाय. चिप कोरी आणि नळी स्वच्छ असेल तर कार्बन कमी पडलाय, तापमान उतरलंय किंवा बाहेरून ऑक्सिजन शिरतोय. एकाच लक्षणाला, म्हणजे कोऱ्या चिपला, दोन उलटे उपाय असतात. रंग न पाहता मिथेन वाढवणाऱ्याला ते कळत नाही.

प्रवाह बदलतो कसा, हाही प्रश्न येतो. मास फ्लो कंट्रोलर (वायूचा प्रवाह ठरवणारं यंत्र) कोणत्या वायूसाठी कॅलिब्रेट केलाय ते त्याच्या अंगावरच्या लेबलवर वाचा. नायट्रोजनसाठी कॅलिब्रेट केलेल्या कंट्रोलरमधून मिथेन सोडला तर पडद्यावर १००० दिसताना प्रत्यक्षात साधारण ७२० एससीसीएम (मिनिटाला प्रमाणित घन सेंटीमीटर) जातो. आर्गॉन असेल तर उलट, १४०० च्या आसपास. हायड्रोजनला फारसा फरक पडत नाही. दुरुस्तीला गेलेल्या कंट्रोलरच्या जागी दुसरा बसवला आणि ही गोष्ट कुणी लिहून ठेवली नाही, की मिथेन आणि हायड्रोजनचं प्रमाण गुपचूप सरकतं. साबणाच्या बुडबुड्याचा फ्लोमीटर नळीच्या तोंडाशी लावून आत सोडलेला आणि बाहेर आलेला प्रवाह ताडून पाहा. त्यातून कॅलिब्रेशनही कळतं आणि मोठी गळतीही.

बारीक गळतीसाठी एक सोपी परीक्षा आहे. स्वच्छ घासलेली तांब्याची पट्टी नळीत ठेवा, आर्गॉन वाहता ठेवून ५००-६०० अंशांपर्यंत तापवा आणि आर्गॉनमध्येच थंड करा. पट्टी चकचकीत राहिली तर ठीक; काळवंडली किंवा लालसर झाली तर हवा शिरतेय. बहुतेक वेळा गुन्हेगार असतो टोकाच्या फ्लँजमधला, उष्णतेने कडक झालेला ओ-रिंग. तो बदलायला संकोच करू नका. हायड्रोजन हवेत ४ ते ७५ टक्के आणि मिथेन ५ ते १५ टक्के असताना स्फोट होऊ शकतो. गळकी नळी ट्यूब तर खातेच, माणसालाही इजा करू शकते. गळतीचा संशय असेपर्यंत ज्वालाग्राही वायूचा व्हॉल्व्ह उघडायचा नाही. इथे तडजोड नको.

तापमानाबद्दल एवढंच: फर्नेसचा थर्मोकपल क्वार्ट्झच्या बाहेर असतो. आर्गॉन वाहत असताना दुसरा थर्मोकपल आत सरकवून लांबीभर तापमान मोजा, आणि सपाट पट्टा कुठे आहे त्याची खूण नळीवर बाहेरून करा. चिप दोन-चार सेंटीमीटर इकडेतिकडे ठेवल्याने ‘रेसिपी बिघडली’ असं वाटू शकतं.

फर्नेसच्या आधीच्या आठवणी

नवी क्वार्ट्झ नळी बसवली की पहिल्या काही वाढी हमखास फसतात. बिडाचा नवा तवा पहिले डोसे धरून ठेवतो, तसंच. नळीच्या भिंती आधी स्थिरावू द्याव्या लागतात. रिकाम्या नळीत पूर्ण रेसिपी काही वेळा चालवा आणि मगच मौल्यवान चिप आत घाला. जुन्या नळीचं उलटं असतं. कार्बनचा थर वाढत जातो, आणि मग मधूनमधून ती हवेत ९०० अंशांच्या आसपास भाजून साफ करावी लागते. त्याआधी सगळा हायड्रोजन आणि मिथेन आर्गॉनने हाकलून लावा. साफसफाईची तारीख वहीत लिहा. ‘या आठवड्यात येत नाहीत’ म्हणणाऱ्यांपैकी अनेकांच्या वहीत ही तारीख सापडत नाही.

आपल्याकडे एका फर्नेसवर अनेकांचं काम चालतं. तुमच्या आधी कुणी त्याच नळीत मॉलिब्डेनम डायसल्फाइड वाढवला असेल तर भिंतीवर गंधक राहिलेलं असतं, आणि एवढ्याशा लोखंडाच्या कणांना मारायला तेवढं पुरेसं होतं. नॅनोट्यूबसाठी नळी वेगळीच हवी. फर्नेस एक असली तरी चालेल.

आता पाणी. २००४ मध्ये जपानच्या त्सुकुबा इथल्या केंजी हाता यांच्या गटाने वाढीच्या वायूत मोजून-मापून थोडं पाणी मिसळलं. पाणी उत्प्रेरकावरचा अस्फटिक कार्बन साफ करत राहिलं आणि १० मिनिटांत २.५ मिलिमीटर उंच ट्यूबचं जंगल उभं राहिलं. म्हणजे पाणी शत्रू नाही, पण त्याचं प्रमाण माहीत असलं पाहिजे. आपण नळी उघडून चिप ठेवतो तेव्हा दमट हवा आत भरते आणि भिंतींना पाण्याचा थर बसतो. सिलिंडर तळाला आला की त्याच्या भिंतींवरचं पाणीही जास्त प्रमाणात वायूत येऊ लागतं. मे महिन्यात १० मिनिटांच्या आर्गॉन फ्लशमध्ये भागत असेल तर जुलैत भागेलच असं नाही. फ्लश लांबवा, थोडं तापवून लांबवा, आणि सिलिंडर अगदी रिकामा होईपर्यंत वापरू नका. वायूच्या ओळीत ओलावा शोषणारा गाळणा असेल तर तो शेवटचा कधी बदलला तेही बघा.

नाहीत, की दिसत नाहीत?

एसईएम ५ किंवा १० किलोव्होल्टवर ठेवून ट्यूब शोधणारा माणूस हमखास निराश होतो. १ किलोव्होल्टच्या आसपास या. ऑक्साइडवरची ट्यूब तिच्या भोवतालच्या प्रभारामुळे उजळ दिसते आणि १-२ नॅनोमीटरची असूनही कितीतरी जाड भासते. व्यास एसईएमवरून ठरवायचा नसतो. त्यासाठी एएफएममधली (टोकदार सुईने पृष्ठभाग चाचपणाऱ्या सूक्ष्मदर्शकातली) उंची मोजा. ज्या ट्यूबवर मोजमाप करायचंय तिच्यावर बीम रेंगाळू देऊ नका, कारण तो कार्बन चढवतो आणि ऑक्साइडमध्ये प्रभार सोडतो.

रामनमध्ये, म्हणजे लेझरच्या विखुरलेल्या प्रकाशातून कंपनं ओळखणाऱ्या मोजमापात, एक फसवणूक नेहमीची आहे. ३०३ प्रति सेंटीमीटरला दिसणारं शिखर सिलिकॉनचं असतं, ट्यूबचं नव्हे. ट्यूबच्या श्वसन कंपनाचं (व्यास लहान-मोठा होण्याच्या कंपनाचं) शिखर समजून त्यावरून व्यास काढलेले आलेख मी पाहिले आहेत. सिलिकॉनवरच्या सुट्या ट्यूबसाठी २४८ भागिले शिखराचं स्थान हे सूत्र चालतं: १६५ ला शिखर म्हणजे दीड नॅनोमीटरचा व्यास. एका लेझरने शिखर दिसलं नाही म्हणून ट्यूब नाही असंही नाही. ती त्या रंगाशी अनुनादात नसेल.

पहिला आकडा रोधाचा

इलेक्ट्रोड बसवून झाल्यावर गेटला हात लावण्याआधी १० मिलिव्होल्टवर साधा रोध मोजा. एकाच एकभिंती ट्यूबचा रोध, संपर्क कितीही चांगला असला, तरी सुमारे ६.५ किलोओहमखाली जाऊ शकत नाही. ती पुंजभौतिकीने घातलेली सीमा आहे. २ किलोओहम दिसले तर एकतर बऱ्याच ट्यूब समांतर आहेत किंवा लिफ्ट-ऑफ (रेझिस्टबरोबर नको असलेला धातू उचलून काढणं) अर्धवट होऊन धातूचा पूल राहिलाय. काही दहा किलोओहम ते काही शे किलोओहम हा रोजच्या कामाचा पट्टा. गिगाओहम दिसले तर ट्यूब तुटली आहे किंवा संपर्कच झालेला नाही.

संपर्क वाईट असेल तर रेझिस्टचा गाळ हे पहिलं कारण धरा. तो काढायला ऑक्सिजन प्लाझ्मा वापरू नका. सिलिकॉनच्या कामात काही सेकंदांचा प्लाझ्मा रोजचा असतो, पण इथे तो ट्यूबच जाळून टाकतो. आर्गॉन-हायड्रोजनमध्ये २०० ते ३०० अंशांना भाजणं बरं. धातू निवडायचा असेल तर पॅलेडियम. २००३ मध्ये स्टॅनफर्डच्याच गटाने पॅलेडियमच्या संपर्काने होलसाठीचा (धन प्रभारवाहकांसाठीचा) अडथळा जवळजवळ नाहीसा करून दाखवला. टायटॅनियमचे संपर्क सुरुवातीला चांगले वाटले तरी ऑक्सिडेशनमुळे रोध हळूहळू चढू शकतो.

रोध ठीक आहे, पण गेट फिरवला तरी करंट हलत नाही? ‘ट्यूब धातूची निघाली’ हा निष्कर्ष लगेच काढू नका. इथे ऑक्साइडखालचा सिलिकॉनच गेट असतो, आणि उष्णतेने वाढवलेलं ऑक्साइड वेफरच्या पाठीवरही असतं. पाठ खरवडून सिल्व्हर पेंट लावला नसेल तर तुमचा गेट कशालाच जोडलेला नसतो. एकाच चिपवरची सगळी डिव्हाइस ‘धातूची’ दिसली तर नक्की हेच झालंय असं समजून आधी पाठ तपासा. साधारण तीनात एक ट्यूब धातूसारखी असते, त्यामुळे एखाददुसरं सपाट डिव्हाइस येणारच. चार ट्यूब समांतर असतील तर चारही अर्धवाहक असण्याची शक्यता वीस टक्क्यांच्या आसपास उरते; ऑन-ऑफ गुणोत्तर (चालू आणि बंद अवस्थेतल्या करंटचं) दोन किंवा तीन दिसतं ते यामुळे.

गेटचा लीकेज करंट प्रत्येक स्वीपबरोबर (गेटच्या व्होल्टेजच्या प्रत्येक फेरीबरोबर) नोंदवा, वेगळा आणि नेहमी. ३०० नॅनोमीटरचं निरोगी ऑक्साइड कागदावर ३०० व्होल्टपर्यंत टिकायला हवं, पण वाढीतून गेलेलं, प्रोबच्या टोकाने ओरखडलेलं आणि वायर बाँडिंगचे ठोसे खाल्लेलं ऑक्साइड त्याच्या कितीतरी आधी गळतं. १० व्होल्टला लीकेज नॅनोअँपिअरच्या वर गेला तर त्या पॅडवरचा वक्र ट्यूबचा मानू नका.

जाताना एक वाट, येताना दुसरी

आता वक्राच्या अडचणीकडे, जिच्यात सर्वांत जास्त वेळ वाया जातो. गेट उणे १० वरून अधिक १० पर्यंत नेला आणि परत आणला, तर दोन वेगळे वक्र मिळतात. कधीकधी दोघांत पाच-सहा व्होल्टचं अंतर असतं. थ्रेशोल्ड, म्हणजे ट्यूब चालू-बंद होण्याचं व्होल्टेज, कुठला सांगायचा?

कारण बरंचसं माहीत आहे. सिलिकॉन डायऑक्साइडच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल गट असतात, त्यांना पाण्याचे रेणू चिकटून बसतात, आणि गेटचं व्होल्टेज बदललं की ट्यूबमधला प्रभार या पाण्यात आणि ऑक्साइडच्या सापळ्यांत जाऊन अडकतो. पाण्याचा हा वाटा २००३ मध्ये स्टॅनफर्डमध्ये दाखवला गेला. निर्वातात ठेवल्याने हिस्टेरेसिस, म्हणजे दोन वक्रांमधलं हे अंतर, कमी होतो पण संपत नाही, कारण पृष्ठभागाला घट्ट बांधलेलं पाणी तसं सुटत नाही. पीएमएमए या पॉलिमरचा थर देऊन १८० अंशांना भाजल्यावर तो बराच आवरतो.

आधी दिशा ओळखा. उणेकडून अधिककडे जाताना करंट लवकर मावळतो आणि परतताना लवकर उगवतो, तर प्रभार सापळ्यांत अडकतोय. ही नेहमीची गोष्ट. याच्या बरोबर उलट दिसलं तर ऑक्साइडमध्ये सोडियमसारखे फिरते आयन आहेत, आणि तेव्हा पाण्याच्या मागे लागून काही होणार नाही. वेफरची स्वच्छता, चिमटे, हातमोजे तपासा.

नेहमीचा प्रकार असेल तर तोच स्वीप उणे ५ ते अधिक ५ करा. अंतर आक्रसतं. स्वीपचा वेग बदला, अंतर पुन्हा बदलतं. सुरुवातीच्या व्होल्टेजवर मिनिटभर थांबून मग निघा, थ्रेशोल्ड सरकतो. म्हणजे काल उणे २ आणि आज अधिक ४ हे दोन्ही खरे असू शकतात; ट्यूब तीच, फक्त काल कुणी लहान स्वीप घेतला होता आणि खोलीत एसी चालू होता. म्हणून आलेखावर स्वीपचा पल्ला, वेग, सुरुवातीला थांबलेला वेळ आणि खोलीतली सापेक्ष आर्द्रता लिहिलेली हवी. प्रोब स्टेशनजवळ स्वस्तातला आर्द्रतामापक ठेवा. मुंबईत मे आणि जुलैमध्ये घेतलेले वक्र या नोंदीशिवाय शेजारी ठेवून काहीही सिद्ध होत नाही.

मूळ थ्रेशोल्ड हवाच असेल तर गेटला सलग न फिरवता छोटे पल्स द्या: प्रत्येक बिंदूसाठी मिलिसेकंदांपुरतं व्होल्टेज, मग शून्यावर विश्रांती, मग पुढचा बिंदू. सापळ्यांना भरायला वेळ मिळत नाही आणि दोन्ही वाटा जवळ येतात.

दोन गोष्टी जाता जाता. मायक्रोस्कोपचा दिवा मोजताना बंद करा, विशेषतः वेफर हलक्या डोपिंगचा असेल तर. प्रकाशाने सिलिकॉनमध्ये तयार झालेले प्रभारवाहक गेटसारखे वागतात. आणि परदेशातून आलेल्या मोजयंत्राची लाइन फ्रीक्वेन्सी ६० हर्ट्झवर आहे का ते बघा. आपल्याकडे ५० हर्ट्झ म्हणजे २० मिलिसेकंदांचं आवर्तन. एकात्मनाचा वेळ त्याच्या पटीत नसला तर गुणगुण सरळ वक्रावर उतरते.

धातूच्या ट्यूब जाळून काढायचा उपाय करण्याआधीही हिस्टेरेसिस आटोक्यात हवा. २००१ मध्ये आयबीएममध्ये फिलिप आव्हुरिस आणि सहकाऱ्यांनी गेटने अर्धवाहक ट्यूब बंद ठेवून जास्त करंटने धातूच्या ट्यूब जाळून दाखवल्या. पण तुमचा थ्रेशोल्ड स्वीपच्या मध्यावर सरकत असेल, तर ज्या ट्यूब बंद आहेत असं तुम्हाला वाटतंय त्या अर्धवट चालू असतात आणि त्याही जळतात.

अचानक मेलेलं डिव्हाइस

सकाळी चाललेलं डिव्हाइस दुपारी उघडं सर्किट झालं, तर पहिला संशय स्थिर विजेवर घ्या. कोरड्या हिवाळ्यात हा त्रास वाढतो. लांब वाहिनीतली एक धातूची ट्यूब जेमतेम २५ मायक्रोअँपिअर वाहते. तुमच्या बोटाच्या एका ठिणगीसमोर ती काहीच नाही. मनगटाला अर्थिंगचा पट्टा, ड्रेनच्या (ट्यूबच्या एका टोकावरच्या इलेक्ट्रोडच्या) वाटेत १ मेगाओहमचा रोध, आणि मोजयंत्र चालू-बंद करताना प्रोब वर उचललेले किंवा एकमेकांना जोडलेले. करंटची रेंज आपोआप बदलू देऊ नका. बदलाच्या क्षणी येणारा झटका कित्येक ट्यूबचा जीव घेतो.

मात्र करंट दोन ठरावीक पातळ्यांमध्ये उड्या मारत असेल, तर वायर सैल झाली म्हणून बाँडिंग पुन्हा करायला धावू नका. ट्यूबजवळच्या एका सापळ्यात एक प्रभार ये-जा करतोय, आणि इतक्या बारीक वाहिनीला तेवढाही जाणवतो. गेटचं व्होल्टेज थोडं बदला. उड्यांचा वेग बदलला तर डिव्हाइस ठणठणीत आहे, ते तसंच ठेवा आणि मोजत राहा.